बाईंचा थांबा

बाईंचं व्हायोलिन मी समोर बसून त्रेसष्ट वेळा ऐकलं आहे. घरी बसून किती वेळा ऐकलं ते विचारू नका, कारण तो हिशेब मलाही लागत नाही. आमच्या कचेरीत मला ‘बाईंची वकील’ म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांना जन्मात कशाचंच वेड लागलं नाही, ते दुसऱ्याला नावं ठेवण्यापलीकडे करणार तरी काय.

बाई आता एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. चहाचा कप धरताना त्यांचा हात थरथरतो, पण गज धरला की थरथर कुठे जाते कोण जाणे. त्या कधी दिपवायला जात नाहीत. भरभर वाजवून टाळ्या घेणारे पुष्कळ पाहिले. बाई एक सूर लावतात आणि तो संपेपर्यंत दुसऱ्या कुठल्या कामाला हात घालत नाहीत. आणि त्यांचा तो थांबा. त्यांची स्वतःची एक मोठी रचना आहे, तीन भागांची, सोबतीला कुणीही नाही. तिचा दुसरा भाग संपत येतो, शेवटचा सूर अर्धाच राहतो आणि बाई थांबतात. गज तारेच्या वर दोन बोटं, मान किंचित डावीकडे वळलेली. सतरा-अठरा सेकंद काही नाही. मग तिसरा भाग सुरू होतो.

या थांब्यावर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मीही लिहिलं. वर्तमानपत्रात माझं दोन रकानी पत्र आलं होतं, ‘नादाच्या पोटातली शांतता’ नावाचं. त्याचं कात्रण मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं आणि आल्यागेल्याला दाखवत होते. गेल्या महिन्यात ते मी फाडून टाकलं. का, तेच सांगते.

मी एका ध्वनिसंग्रहात काम करते. तळघरातली खोली, खिडकी नाही, भिंतींना आवाज शोषणारा करडा नमदा चिकटवलेला. जुन्या टेपा माझ्याकडे येतात आणि मी त्या धुते, म्हणजे त्यांतली खरखर काढते, विजेची गुणगुण काढते, कुणाची खुर्ची करकरली, किल्ल्यांचा जुडगा पडला, कुणी खोकलं, ते सगळं काढते. एकतीस वर्षं हेच करतेय. निवृत्तीला पाच महिने उरलेत.

एका सोमवारी साहेब एक चपटा डबा घेऊन खाली आले. साहेब म्हणजे आमचे प्रमुख, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, पण माणूस बरा. गावातलं जुनं सभागृह पाडायचं ठरलंय, तिथलं कपाट रिकामं करताना डबा सापडला म्हणाले.

“बाईंची आहे टेप. ती मोठी रचना, पहिल्यांदा लोकांसमोर वाजवली तेव्हाची. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही असं ठरवूनच आलोय.”

मी डब्यावरची तारीख वाचली आणि खुर्चीत बसले. साहेबांना वाटलं, मला आनंद झाला.

चाळीस वर्षांपूर्वीचा तो रविवार. मी त्या सभागृहात होते, पुढच्या रांगेत, मधोमध. शेजारी दादा होता.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मोटारींच्या गॅरेजमध्ये गाड्यांना रंग फवारायचं काम करायचा. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण मी बाईंच्या मागे किती खुळी आहे ते त्याला ठाऊक होतं. ज्याची गाडी रंगवली होती त्या गिऱ्हाइकाकडून त्याने दोन पास मिळवले. रविवारी दुपारी रॉकेल आणि साबण लावून कोपरापर्यंत हात घासले, इस्त्रीचा शर्ट घातला, तरी थिनरचा वास येतच होता. बूट एकच जोड होता, कामाचा, रबरी तळव्यांचा. मी एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार मोठी समजत होते. वाटेत मी त्याच्या दोन पावलं पुढे चालत होते.

दुसऱ्या भागात त्याला खोकला आला. गॅरेजमधला रंग छातीत बसला होता त्याच्या, खोकला रोजचाच होता. त्याने रुमाल तोंडात कोंबला. तरीही येतच राहिला. पलीकडच्या खुर्चीतल्या एका बाईने वळून आमच्याकडे असं पाहिलं, की माझे कान तापले. मी त्याच्याकडे न बघता म्हणाले, “बाहेर जा ना.”

तो उठला. बूट करकर वाजत गेले, बाजूचं दार उघडलं, लागलं. मी मान खाली घालून बसले होते. पुढे बराच वेळ काय वाजलं ते माझ्या कानांत शिरलंच नाही.

कार्यक्रम संपल्यावर दादा त्या दाराबाहेरच्या बोळात उभा होता. मी विचारलं, “परत आत का नाही आलास?”

“पुन्हा बूट वाजले असते. आणि बाहेरूनही छान ऐकू येत होतं, ठमे. उलट जास्तच छान.”

मी ते खरं मानलं, कारण मला ते सोयीचं होतं. दीड वर्षाने दादा गेला. छातीचंच. त्या दिवसाबद्दल मी कुणाला काही सांगितलं नाही. आई मात्र पाहुण्यांना हौसेने सांगायची, “हिचा दादा हिला बाईंच्या कार्यक्रमाला घेऊन गेला होता हो.” तिने ते सुरू केलं की मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जायचे.

तर ती टेप. लावली. पहिला भाग, दुसरा भाग, आणि मग खोकला. मी तो इतर कुणाच्याही खोकल्यातून निवडून काढला असता. मग एका मुलीचा आवाज, धारदार.

“बाहेर जा.”

त्यात ‘ना’ नव्हता. चाळीस वर्षं माझ्या आठवणीत एक ‘ना’ होता, मऊ, लाडाचा. तो मीच कधीतरी नंतर जोडून घेतला असणार. मी टेप मागे नेऊन पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं. नव्हताच.

त्यानंतर बूट. अकरा पावलं. दाराची कडी, दाराचा धपका. आणि दार लागल्याबरोबर व्हायोलिन. मध्ये किती वेळ गेला ते पडद्यावर आकड्यांत दिसत होतं. साडेसतरा सेकंद.

मी तो आकडा बघत राहिले. नादाच्या पोटातली शांतता म्हणे. बाई एका खोकणाऱ्या माणसाला बाहेर जाऊ देत होत्या, एवढंच होतं ते. त्याच्या पावलांएवढाच थांबा, ना कमी ना जास्त. आणि मी त्यानंतर बासष्ट वेळा पुढच्या रांगेत बसून त्या थांब्याला डोळे मिटून मान डोलावली होती.

मी टेप धुवायला घेतली. सगळ्यात आधी स्वतःचा आवाज काढला, हे कबूल करते. मग खोकला, बूट, कडी, दार. नुसतं काढून भागत नाही, तिथे भोक पडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून टेपच्या सुरुवातीला, बाई वाजवायच्या आधी, सभागृहात जी शांतता होती ती उचलून तिथे भरली. हे काम मला चांगलं येतं. साहेबांनी ऐकलं आणि समाधानाने मान हलवली. “वा. नेमका बाईंचा थांबा. पहिल्यापासूनच होता म्हणजे.” गुरुवारी बाई स्वतः ऐकायला येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं की ध्वनिमुद्रिका निघणार. मी मनात म्हटलं, सुटले. आता त्या सभागृहात दादा नाही आणि मीही नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. टेप हातावेगळी करण्याआधी, जे काढून टाकलं तेवढंच वेगळं लावून एकदा ऐकायचं, न जाणो त्याबरोबर एखादा सूर गेला असेल. मशीन ते साठवून ठेवतं. आम्ही त्याला ‘केर बघणं’ म्हणतो. बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर मी हेडफोन लावून केर बघायला बसले. व्हायोलिनचा मागमूस नाही. नुसती खरखर, सुपात तांदूळ हलवावेत तशी. मग खोकला. मी. बूट. दार.

माझ्या दृष्टीने केर तिथे संपला होता. पण नियम म्हणजे नियम, शेवटपर्यंत ऐकायचं, म्हणून चालू ठेवलं आणि डब्यासाठी लेबल लिहायला घेतलं.

तेव्हा कुणीतरी खोकलं. लांबून, गोधडीखालून यावं तसं.

मला वाटलं, बाहेर कुणी आलंय. हेडफोन काढून दार उघडून पाहिलं. बोळ रिकामा होता, टोकाला झाडू टेकवलेला. परत येऊन बसले. खरखर. पुन्हा खोकला. हा मी काढलेला नव्हता. मला तो मूळ टेपमध्ये ऐकूच आला नव्हता. मशीनने आपणहून, खरखरीबरोबर, उचलला होता. डब्यातल्या चिठ्ठीवर मायक्रोफोन कुठे ठेवला होता त्याचं रेखाटन होतं. रंगमंचाच्या डाव्या अंगाला, बाजूच्या दारापासून जेमतेम पाच हातांवर.

दादा दाराबाहेर खोकत होता.

तिसऱ्या भागात नऊ वेळा. मी प्रत्येक वेळेचा आकडा कागदावर लिहिला आणि मूळ टेपशी ताडून पाहिला. सवयच ती. नऊच्या नऊ वेळा वरून व्हायोलिन जोरात चाललं होतं, पूर्ण गज ओढून, सगळ्यात मोठ्या आवाजात. हळू वाजतंय अशा ठिकाणी एकदाही नाही. म्हणजे तो दाबून धरत होता. आत आवाज वाढेपर्यंत छातीत कोंडून धरायचा आणि त्या आवाजाखाली खोकून घ्यायचा, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. असा दाबून धरलेला खोकला सुटतो तेव्हा कसा येतो ते मला माहीत आहे. पुढे दीड वर्ष मी तो भिंतीपलीकडून ऐकला होता.

त्या संध्याकाळी घरी मी कुकर लावला आणि शिट्टी होताच गॅस बंद केला, कारण शिट्टीच्या आड कुणीतरी खोकतंय असं वाटलं. नळ सोडला तरी तेच. मिक्सर लावायची हिंमत झाली नाही. आवाज मोठा झाला की त्याच्याखाली दादा आहे, असं डोक्यात बसलं ते बसलंच.

गुरुवारी सकाळी बाई आल्या. काठी टेकत, हळूहळू, पण एकट्या. साहेबांनी त्यांना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि ते चहाचं बघायला गेले. इतकी वर्षं मी त्यांना वीस फुटांवरून पाहिलं होतं. आता त्यांच्या शालीची सुटलेली शिवण दिसत होती. मी धुतलेली टेप लावली.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. थांबा आला. पाच सेकंद, सहा सेकंद. त्यांनी हात वर केला. मी टेप थांबवली.

“बूट कुठे गेले?”

“कुठले बूट, बाई?”

“त्या माणसाचे. खोकत होता तो. कडेच्या दाराने गेला.” त्या माझ्याकडे वळल्या. “काढलेस?”

“काढायचे असतात,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच लहान वाटला.

“अगं, त्या दिवसाच्या आधी मी तिथे थांबतच नव्हते. तसं रचलेलंच नाही. सरळ पुढे जायचं होतं. तो उठला, म्हटलं जाऊ दे बिचाऱ्याला, मग सुरू करू. दार लागलं, मी गज टेकवला आणि सहज डावीकडे बघितलं. त्या दाराला गोल काच आहे. काचेत तो. कपाळ टेकवून उभा. मध्येच खाली वाकायचा, दिसेनासा व्हायचा, की परत वर यायचा. शेवटपर्यंत हलला नाही तिथून.”

मी पडद्यावरच्या थांबलेल्या आकड्याकडे बघत राहिले.

“मग माझं असं झालं, की त्या जागेला आले की पुढे जाववेना. आधी वाटायचं, तो बाहेर जाईपर्यंत थांबतेय. हल्ली हल्ली वाटतं, तो परत आत येईल म्हणून थांबते. लोक काय काय लिहितात त्याच्यावर. कुणीतरी ‘नादाच्या पोटातली’ का काहीतरी लिहिलं होतं. हसले होते मी.” त्या खरंच थोड्या हसल्या. मग हसू गेलं. “त्याच्या शेजारी एक मुलगी होती. तिने घालवलं त्याला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. माणसाने कुणावर चाळीस वर्षं चिडून राहू नये, पण मी आहे. त्या दिवशी पुढे मी दाराकडे बघून वाजवलं. तिच्यासाठी वाजवलंच नाही.”

पेल्यातलं पाणी पिण्याइतका वेळ माझ्याकडे होता आणि मी तो घेतला. धुतलेल्या टेपवर ती मुलगी नव्हती. केर बघून झाल्यावर मशीनमधूनही ती पुसली गेली होती, मूळ टेप उद्या कोठारात कुलूपबंद होणार होती. बाई एक्याऐंशीच्या, मी निवृत्त होणार. नुसतं “बूट परत घालते, बाई” म्हटलं असतं तरी भागलं असतं. मला तेच म्हणायचं होतं. तोंडावर आलंही होतं.

मी मूळ टेप चढवली आणि त्या जागेवर आणून सोडली. खोकला. “बाहेर जा.” बूट, अकरा पावलं, दार.

“हीच,” बाई म्हणाल्या.

“ती मी आहे, बाई. तो माझा दादा.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते मी मोजलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होते, तो असता तर बरं झालं असतं. त्या माझ्या चेहऱ्यात आणखी कुणाला तरी शोधत होत्या असं मला वाटलं.

“आहे का तो?”

“नाही. त्यानंतर दीड वर्षाने गेला.”

“काही म्हणाला होता का? त्या दिवसाबद्दल?”

“बाहेरूनही छान ऐकू येत होतं म्हणाला. जास्तच छान.”

“असं म्हणाला,” बाई म्हणाल्या आणि बराच वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिल्या. साहेब चहा घेऊन आले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की टेप आहे तशी निघेल, खोकल्यासकट, बोलण्यासकट, बुटांसकट. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. जाताना दारात बाई थांबल्या. “सभागृह पाडायच्या आधी तिथे शेवटचं मी वाजवणार आहे. पुढच्या रविवारी दुपारी. तुला पास पाठवते.”

पास आला. पुढची रांग, मधली खुर्ची. ही माझी चौसष्टावी वेळ. खुर्च्यांची कापडं बदललेली होती, दार तेच होतं, गोल काचेचं. शेजारी एक तरुण जोडपं बसलं होतं. पहिला भाग गेला, दुसरा गेला. बाईंनी शेवटचा सूर अर्धा सोडला. गज तारेच्या वर दोन बोटं, मान डावीकडे, दाराकडे. इतकी वर्षं त्या कुठे बघतात ते मी कधी पाहिलंच नव्हतं, माझे डोळे मिटलेले असायचे.

मी उठले. जोडप्यातल्या मुलीने गुडघे बाजूला घेताना चक् केलं. माझ्या चपला वाजत नाहीत, गुडघे वाजतात. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं आणि माझे कान तापले होते. अकरा पावलं नाही झाली, सोळा झाली, वयामुळे. बाई थांबून होत्या. मी दार ओढून घेतलं, कडी लागल्याचा आवाज झाला, आणि काचेला कपाळ टेकवलं. काच थंड होती. आत बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि गज टेकवला.

काही ऐकू आलं नाही.

मला वाटलं, सुरू व्हायचंय. पण गज चालत होता, बाईंचं कोपर पुढेमागे होत होतं, पहिल्या रांगेत कुणीतरी मान डोलवत होतं. दार जाडजूड, आतून गादी लावलेलं. बोळात हवा खेचणारा जुना पंखा घरघरत होता. मी कान काचेला लावला, मग दाराच्या फटीला लावला. हे कान एकतीस वर्षं याच कामाचे आहेत. पंख्याशिवाय काही नाही.

मग आत आवाज चढला, पूर्ण गजाचा, आणि दारातून थोडं काहीतरी आलं, शेजारच्या घरातला रेडिओ येतो तसं. एक ओळ आली असेल नसेल, की पुन्हा पंखा. थोड्या वेळाने पुन्हा तेवढंच. तिसरा भाग मला पाठ आहे, कुठे काय येतं ते मी झोपेत सांगीन. मी बोटांवर मोजायला लागले. जिथे जिथे दारातून काही आलं त्या जागा नऊ होत्या, कागदावर लिहिलेल्या त्याच नऊ. तेवढंच या दारापर्यंत पोचतं, बाकीचं पोचत नाही.

आणि त्या नऊही ठिकाणी दादा खाली वाकून खोकत होता.